फी भरली, तपासायला कोण येणार?

फेब्रुवारी लागला की आमचा आरोग्य विभाग निम्मा रिकामा व्हायचा. मुकादम, लिपिक, आम्ही स्वच्छता निरीक्षक, सगळ्यांची नावं घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुली पथकात यायची. मार्चअखेरपर्यंत आकडा गाठायचा. रोज संध्याकाळी मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात आढावा, कुणाच्या वॉर्डात किती टक्के झाले त्याचा हिशेब. नेमक्या त्याच दिवसांत गावात रसवंतीगृहं उघडायची, बर्फाच्या लाद्या हातगाड्यांवरून फिरू लागायच्या, लग्नसराई सुरू व्हायची आणि जारच्या पाण्याचे टेम्पो वाढायचे. वर्षातल्या ज्या महिन्यांत आम्ही भटारखान्यांत आणि बर्फाच्या कारखान्यांत असायला हवं, त्या महिन्यांत आम्ही थकबाकीदारांच्या दारात उभे असायचो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका नगरपरिषदेत माझी नोकरीची बहुतेक वर्षं गेली. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा करून मी या खात्यात आले. कामाचं स्वरूप सांगायला सोपं आहे: झाडलोट आणि कचरा गाड्यांवर देखरेख, गटारं, जंतुनाशक फवारणी, साथीच्या काळात घरोघर पाहणी, आणि ज्या धंद्यांपासून लोकांच्या तब्येतीला धोका पोचू शकतो त्या धंद्यांचे परवाने. खानावळी, बेकऱ्या, मटण-चिकनची दुकानं, पिठाच्या गिरण्या, लॉज, भंगाराची गोदामं असे सगळे त्यात येतात. महापालिकांना हा अधिकार त्यांच्या अधिनियमातल्या कलम 376 ने मिळतो, मुंबईत 1888 च्या कायद्यातलं कलम 394 आहे, आमच्यासारख्या नगरपरिषदांना 1965 चा अधिनियम आणि आपापले उपविधी. परवाना घ्यायचा, दर वर्षी त्याचं नूतनीकरण करायचं, त्यासाठी फी भरायची. ही फी कशासाठी, या एका प्रश्नानं मला नोकरीभर सोडलं नाही, आणि आता मी निवृत्त झाले तरी तो सुटलेला नाही.

लोकांना वाटतं की फी म्हणजे परवान्याच्या कागदाची किंमत. आमच्याच कार्यालयातल्या अनेकांनाही तसंच वाटायचं. अर्ज आला, चलन भरलं, पावती फाडली, कागद दिला, काम संपलं. लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये आला तेव्हा परवाना किती दिवसांत द्यायचा याची मुदत ठरली आणि ते चांगलंच झालं, कारण त्याआधी लोक महिनोन् महिने हेलपाटे घालत होते. पण त्यानंतर आमच्या कामाचं मोजमाप त्या मुदतीवरच होऊ लागलं. मुदतीत किती परवाने दिले याचा तक्ता दर महिन्याला वर जायचा. परवाना दिल्यावर त्या जागी वर्षभरात कुणी पाऊल टाकलं का, याचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता.

त्याआधीच, 5 ऑगस्ट 2011 पासून, अन्न सुरक्षा व मानके कायदा लागू झाला होता. खाद्यपदार्थांचं काम राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, म्हणजे लोकांच्या भाषेत एफडीएकडे, एकवटलं. तेव्हाच्या नियमानुसार वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यानं नोंदणी करायची होती, वर्षाची फी 100 रुपये होती. त्याच्या वरच्यांनी परवाना घ्यायचा होता, त्याची फी हजारांत होती. त्या कायद्याखालच्या परवाना नियमावलीच्या परिशिष्ट 4 मध्ये स्वयंपाकघर कसं असावं, पाणी कसं साठवावं, कामगारांची वैद्यकीय तपासणी कधी करावी, हे सगळं नीट लिहिलं आहे. मी ते मराठीत उतरवून आमच्या हद्दीतल्या हॉटेलवाल्यांना वाटलं होतं. कायद्याच्या मजकुराबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी बसणारे मोजके अन्न सुरक्षा अधिकारी, त्यांच्याकडे कित्येक तालुके, आणि इकडे नगरपरिषदेच्या आरोग्य परवान्याची फी तशीच चालू, अशी स्थिती झाली. नगरपरिषदेचे अधिकारी म्हणत, अन्नाचं आता एफडीए बघेल. एफडीएची माणसं म्हणत, गावातली रोजची स्वच्छता तुमची.

बसस्थानकासमोर एक नवरा-बायको वडापावची गाडी लावत. गाडीच्या काचेवर नगरपरिषदेचा आणि एफडीएचा असे दोन्ही कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून चिकटवलेले. एकदा त्यांच्या पिंपातलं पाणी तपासत असताना त्या बाईंनी मला विचारलं, "मॅडम, नगरपालिकेचे पैसे भरले, एफडीएचे भरले. आता वर्षभर तपासायला कोण येणार तेवढं सांगा." त्या तक्रार करत नव्हत्या. त्यांना खरंच कुणी यायला हवं होतं. शेजारचा गाडीवाला सकाळचं उरलेलं तेल संध्याकाळी वापरायचा, त्यामुळे त्याला वडा स्वस्तात द्यायला परवडायचं, आणि या नीट काम करून गिऱ्हाईक गमावत होत्या. फी दोघांची सारखीच होती. कुणी तपासायला आलं असतं तर त्यांचा फायदाच होता.

या बाईंच्या प्रश्नाचं कायद्यातलं मूळ मला आमच्या विधी सल्लागारांनी दाखवलं. कर आणि फी यांत फरक काय, यावर सर्वोच्च न्यायालयाचा 1954 चा निकाल आहे, उडुपीच्या शिरूर मठाचा. मद्रास सरकार मठांकडून देखरेखीसाठी म्हणून वार्षिक रक्कम घेत होतं. न्यायालयानं पाहिलं की ती रक्कम सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि ज्या कामासाठी घेतली त्या कामाशी तिचा काही मेळ ठेवलेला नाही. म्हणून ती फी नव्हे, कर आहे, असं ठरलं, आणि असा कर बसवण्याचा त्या विधिमंडळाला अधिकारच नव्हता. पुढच्या निकालांनी हे पुष्कळ सैल केलं. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची सेवा मोजून दाखवायची गरज नाही, ढोबळ संबंध असला तरी पुरे, आणि धंद्यावर नियंत्रण ठेवण्यासाठी घेतलेल्या परवाना फीला तर तेवढीही अट नाही, असं न्यायालयानं नंतर म्हटलं. म्हणजे आजच्या कायद्यानं नगरपरिषद दोषी ठरत नाही. पण 1954 च्या न्यायाधीशांनी जो प्रश्न विचारला, तोच त्या वडापाववाल्या बाईंनी विचारला होता, आणि तो रास्त आहे.

आमच्याकडे परवान्याची फी नगरपरिषदेच्या जनरल फंडात जमा व्हायची. आरोग्य विभागाच्या खर्चाचं लेखाशीर्ष वेगळं, आणि त्याचा बहुतेक भाग पगार, कचरा वाहतुकीचा ठेका आणि फवारणीचं औषध यांत संपायचा. तपासणीसाठी म्हणून रक्कमच नसायची. क्लोरोस्कोपमध्ये टाकायचं ऑर्थोटोलिडिनचं द्रावण संपलं की मागणीपत्र द्यायचं, ते भांडार विभागात, मग लेखापालांकडे, मग दरपत्रकं मागवायची. छोटी बाटली ती. तिच्यावाचून नळाच्या पाण्यात क्लोरिन आहे की नाही हे आम्हाला सांगता यायचं नाही. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, पिवळी झाक आली तर ती शेजारच्या रंगाशी ताडून पाहायची, लिटरला निदान 0.2 मिलिग्रॅम तरी हवं. इतकी सोपी परीक्षा. बाटली नसली की मग वासावर अंदाज बांधायचा, आणि वासावरून नोटीस देता येत नाही.

एका वर्षी मी आणि लेखापालांनी बसून एका भेटीला खरा खर्च किती येतो ते काढलं. जायला-यायला आणि जागेवर पाहायला निरीक्षकाचा वेळ, पेट्रोल, निर्जंतुक बाटली, बर्फाचा डबा, नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत त्याच दिवशी पोचवायचा माणूस, प्रयोगशाळेची फी, शेवटी अहवाल टाइप करून बजावणं. बहुतेक धंद्यांची वर्षाची फी एका भेटीलाही पुरत नव्हती. शिवाय चहाच्या टपरीची फी आणि शंभर ताटांच्या खानावळीची फी यांत म्हणावा तसा फरक नव्हता. उपविधीत धंद्यांची यादी होती, धोक्याची नव्हती. पिठाच्या गिरणीला एक दर, बेकरीला एक दर. गिरणीतून आवाज आणि पिठाचा धुरळा येतो, तो शेजाऱ्यांना त्रास असतो, पण तिथून गावात कावीळ पसरत नाही. जिथून पसरू शकते त्या जागेला जास्त भेटी हव्यात, म्हणून तिची फी जास्त हवी, असा सरळ विचार त्या यादीत कुठंच नव्हता.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण जारचं पाणी. मी नोकरीला लागले तेव्हा हा धंदा आमच्या गावात नव्हता. नंतर एकेका गाळ्यात आरओचं यंत्र बसत गेलं. बोअरचं पाणी, वाळूचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, मेम्ब्रेन, वर एक यूव्हीचा दिवा, मग चिलर आणि वीस लिटरचे निळे-पांढरे जार. कार्यालयं, दुकानं, लग्नं, दशक्रियाविधी, सगळीकडे हेच पाणी. आमच्या नगरपरिषद कार्यालयातही तेच यायचं. सीलबंद बाटलीच्या पाण्याला आयएस 14543 हे मानक आहे, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बाटलीबंद पाणी उच्च जोखमीच्या गटात घातलं. पण आमचे जारवाले म्हणायचे, आमच्या जारला सील नसतं, आम्ही पाणी बाटलीबंद करत नाही, फक्त थंड करून देतो. उपविधीतल्या यादीत हा धंदाच नव्हता, त्यामुळे त्यातले बरेचसे गुमास्ता दाखल्यावर चालले होते. ज्या वस्तूचा घोट गावातला प्रत्येक माणूस रोज घेतो, तिच्यासाठी परवाना नव्हता, फी नव्हती आणि कुणाची पाहणीही नव्हती.

अशा एका गाळ्यात मी तपासणीला गेले होते. मालक तरुण होता, कष्टाळू होता, कर्ज काढून यंत्र घेतलेला. त्यानं अभिमानानं टीडीएसचं मीटर पाण्यात बुडवून मला दाखवलं. आकडा पन्नासच्या खाली होता. "बघा मॅडम, बिसलेरीसारखं." मी क्लोरोस्कोपची नळी भरली, थेंब टाकले. पाणी स्वच्छ पांढरं राहिलं, पिवळेपणाचा लवलेश नाही. ते साहजिक होतं, कार्बनचा फिल्टर क्लोरिन काढूनच टाकतो. मीटर पाण्यात विरघळलेले क्षार मोजतं, त्याला जंतू दिसत नाहीत. आणि आरओमधून बाहेर पडलेल्या पाण्यात जंतूंना आवरणारं काही उरलेलं नसतं, त्यामुळे पुढचं सगळं जारच्या स्वच्छतेवर अवलंबून. परत आलेले जार गाळ्याच्या मागच्या बाजूला, उघड्या गटाराशेजारी, एका पोऱ्यानं रबरी पाइपानं आतून विसळून पालथे घातले होते. तोट्यांच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं तर बुळबुळीत थर हाताला लागला. यूव्हीचा दिवा जळत होता, पण तो कधी बदलला हे मालकाला आठवत नव्हतं. वर्षभरात त्या दिव्याचा जोर ओसरतो, प्रकाश मात्र निळसर दिसत राहतो.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. जार कशानं धुवायचे, तोटी सोडवून कशी घासायची, दिवा कधी बदलायचा, महिन्यातून एकदा नमुना प्रयोगशाळेत द्यायचा. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "हे मला कुणी आधी का नाही सांगितलं?" त्या गाळ्यावर आधी कुणी गेलेलंच नव्हतं. त्याच्याकडून फी घेतली असती, आणि त्या फीच्या बदल्यात तीन महिन्यांतून एकदा कुणी गेलं असतं, तर तो माणूस खुशीनं शिकला असता. धंदेवाल्यांना तपासणी नकोच असते, असं जे सरसकट म्हटलं जातं ते माझ्या अनुभवाला धरून नाही. त्यांना अनिश्चितता नको असते. कधी कोण येईल, काय मागेल, कशावर बोट ठेवेल, याचा भरवसा नसला की मग चहापाण्याचे रस्ते तयार होतात. ठरलेली फी, ठरलेल्या भेटी आणि लेखी अहवाल एवढं असलं की त्या रस्त्यांची गरज दोन्ही बाजूंना उरत नाही.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. हातापायांतली शक्ती जाणारा हा आजार. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला, आणि बोट पाण्याकडे वळलं. पुणे महापालिकेनं त्या भागातल्या खासगी आरओ प्रकल्पांचं पाणी तपासलं, अनेकांना टाळं लावलं. ती बातमी आल्यावर आमच्याकडच्या सगळ्या जुन्या सहकाऱ्यांचे फोन वाजायला लागले. आमच्या सोसायटीची विहीर तपासा, आमच्या शाळेत येणारे जार तपासा, आमच्या गल्लीतल्या बोअरचं बघा. भीतीनं का होईना, लोक स्वतःहून विचारत होते. आरोग्य खात्याला याहून चांगली संधी कधी मिळत नाही.

आणि इथंच फीचा दुसरा प्रश्न समोर आला. एक गृहिणी धुतलेल्या बाटलीत आपल्या सोसायटीच्या विहिरीचं पाणी घेऊन नगरपरिषदेत आल्या. तिथल्या माझ्या सहकाऱ्यानं त्यांना नियम सांगितला: घरच्या बाटलीतला नमुना चालत नाही, आमच्याकडची निर्जंतुक बाटली घ्या, आधी रोखपालाकडे फी भरा, पावती दाखवा, मग नमुना घ्यायला माणूस येईल, प्रयोगशाळेची फी वेगळी. त्या म्हणाल्या, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारून सांगते. पुन्हा आल्या नाहीत. मी स्वतः नंतर त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं की मीटिंगमध्ये कुणी तरी म्हणालं, इतकी वर्षं पीत आलोय, काही झालं का? फीची रक्कम फार मोठी नव्हती. पण ती रांग, ती पावती आणि ते पैसे यांनी त्या बाईंचा प्रश्न विझवला. मी जाताना हायड्रोजन सल्फाइड चाचणीची एक बाटली बरोबर नेली होती. ती भरून खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी काळं पडलं होतं, म्हणजे विष्ठेतले जंतू असण्याची दाट शक्यता. ड्रेनेजची लाइन विहिरीच्या कठड्याला लागूनच गेली होती.

जो माणूस स्वतःच्या पाण्याबद्दल शंका घेऊन येतो, तो साऱ्या गल्लीचं काम करत असतो. त्याच्याकडून फी घेणं हे माझ्या मते सरळ चुकीचं आहे. पाणी विकून जो पैसे मिळवतो त्यानं तपासणीचा पूर्ण खर्च द्यावा, वेळच्या वेळी द्यावा, आणि त्यातूनच शंका घेणाऱ्याचा नमुना फुकट तपासला जावा. आज बरोबर उलटं चाललं आहे. विक्रेता नाममात्र फी देतो किंवा देतच नाही, आणि विचारणाऱ्याला रोखपालाच्या खिडकीकडे पाठवलं जातं.

खेड्यांत हे काम वेगळ्या पद्धतीनं होतं, हे शहरातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल. जिल्हा परिषदेची माणसं वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, प्रत्येक सार्वजनिक पाणी स्रोताची स्वच्छता पाहणी करतात. विहिरीभोवती ओटा आहे का, सांडपाणी साचतं का, पाणी निर्जंतुक करणाऱ्या टीसीएल पावडरचा साठा आहे का, ती नियमित टाकली जाते का. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळालं की सरपंचाला ग्रामसभेत उत्तर द्यावं लागतं. या पाहणीसाठी गावकऱ्यांकडून कुणी वेगळी फी घेत नाही. माझ्या माहेरच्या गावाला एकदा लाल कार्ड आलं, तर चुलत भावानं फोन करून मला काय करायचं ते विचारलं होतं. इतकी त्याची लाज वाटली होती सगळ्यांना. शहरातल्या जारच्या गाळ्याला मात्र असं कुठलंच कार्ड लागत नाही.

फी कुठं घ्यायची आणि कुठं घ्यायची नाही, याचं मला पटलेलं उत्तम उदाहरण सेप्टिक टँकचं आहे. आमच्याकडे मैला उपसायची गाडी बोलवायची तर दर खेपेला पैसे भरावे लागत. त्यामुळे टाकी तुंबून अंगणात येईपर्यंत कुणी बोलवत नसे. तोवर टाकीतला गाळ वर्षानुवर्षं साचलेला, आणि तिच्यातून न निथळलेला मैला गटारात चाललेला. सातारा जिल्ह्यातल्या वाई आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर या नगरपरिषदांनी 2018 च्या सुमारास वेगळा मार्ग धरला. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाची त्यांना मदत होती. शहराचे भाग पाडले, प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांतून एकदा पाळीनं उपसायची, आणि खेपेची वेगळी फी न घेता खर्च कराच्या रूपानं सगळ्यांत वाटायचा. गाडी दारात येते तेव्हा कुणाला खिशात हात घालावा लागत नाही, म्हणून लोक झाकण उघडून देतात. मी वाईला जाऊन ते काम पाहिलं. गाडीवरचा माणूस घरमालकाची सही घेऊन पुढच्या घराकडे जात होता आणि पुढच्या घराला आदल्या आठवड्यातच सूचना गेली होती. इतकं शिस्तीत.

यावरून माझं मत पक्कं झालं. ज्या कामाचा लाभ सगळ्या गावाला होतो आणि जे न केल्याचा त्रासही सगळ्यांना होतो, ते करातून करावं. धंद्यामुळे जो खास धोका उभा राहतो, त्याच्या देखरेखीचा खर्च धंद्याकडून फी म्हणून घ्यावा, धोक्याच्या प्रमाणात घ्यावा, आणि पहिल्या भेटीत त्रुटी सापडून दुसऱ्यांदा यावं लागलं तर त्या फेरतपासणीची वेगळी फी लावावी. म्हणजे नीट काम करणाऱ्यावर ओझं पडत नाही आणि वारंवार हयगय करणाऱ्याला ती महाग पडते.

निवृत्तीच्या आधी याच धर्तीवर सुधारित उपविधीचा मसुदा आम्ही तयार केला. तीन गट, जोखमीनुसार भेटींची संख्या, जारचं पाणी आणि बर्फ पहिल्या गटात. 2018 पासून राज्यात खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर करण्याची सक्ती आहे, तीही आम्ही तपासणीच्या नमुन्यात घातली. परवान्याच्या फीसाठी वेगळं लेखाशीर्ष सुचवलं आणि तपासणी अहवालाची प्रत दुकानाच्या दर्शनी भागात लावायची अट घातली. तेव्हा आमच्याकडे निवडून आलेलं सभागृह नव्हतं, राज्यातल्या बहुतेक ठिकाणांसारखा प्रशासकाचा कारभार होता. ठराव झाला. फीची वाढ मंजूर झाली, एप्रिलपासून लागूही झाली. वेगळ्या लेखाशीर्षाचा आणि दर्शनी भागात अहवाल लावण्याचा भाग पुढच्या विचारासाठी ठेवला गेला. वाढीव फी भरायला आलेल्या त्याच वडापाववाल्या बाईंना मी काउंटरवर पाहिलं. त्यांनी मुकाट्यानं पैसे मोजून दिले. त्या दिवशी मला जितकं वाईट वाटलं तितकं नोकरीत क्वचितच वाटलं असेल. आम्ही त्यांच्याकडून जास्त घेतलं आणि त्यांना हवी होती ती गोष्ट दिलीच नाही.

डिसेंबर 2025 मध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. पुष्कळ वर्षांनी आपापल्या वॉर्डात विचारायला माणूस आहे. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे. आपल्या नगरसेवकाला दोन गोष्टी विचारा: परवान्याच्या फीचे किती पैसे जमा झाले, आणि त्यातले किती तपासणीवर खर्च झाले. अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळं लेखाशीर्ष मागा. हॉटेलात बसल्यावर शेवटची तपासणी कधी झाली ते मालकाला आपुलकीनं विचारा, नीट काम करणारा मालक कागद आणून दाखवतो. तुमच्या दुकानात, शाळेत, सोसायटीत जार येत असतील तर जारवाल्याकडे प्रयोगशाळेचा ताजा अहवाल मागा. तो टाळू लागला तर नगरपरिषदेच्या आवक-जावक टेबलावर लेखी तक्रार द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तक्रार द्यायला फी लागत नाही.